कापसातली गाठ

“निघाली! निघाली!”

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एकच गलका उठला. मागच्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढून माना उंचावू लागल्या. टेबलावर एक पन्नाशीची बाई डोळे घट्ट मिटून पडली होती आणि हातानेच गाठी काढणाऱ्या मोकळीमायने तिच्या उघड्या पोटावरून हात वर उचलला होता. बोटांच्या चिमटीत काळपट लाल, बुळबुळीत गोळा. त्याला केसांचा पुंजका लोंबत होता.

मोकळीमायने गोळा शेगडीत टाकला. चर्रर्र आवाज झाला, घाण वास सुटला. मग तिने कापसाने पोट पुसलं. कातडी जशीच्या तशी! ना चीर, ना टाका.

“बायांनो, डॉक्टर पोट फाडतात नि आतलं आतच ठेवतात,” मोकळीमाय गरजली. “मी पोट फाडत नाही, पोटाला विनवते! पोट माझं ऐकतं!”

“माझंही ऐकलं,” वहिनी शेजारणीला म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

वहिनी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागद दुमडायला बसायच्या. हात इतका साफ की नव्या मुलींना मुकादम त्यांच्याच शेजारी बसवायचा. पण गेल्या काही महिन्यांपासून त्यांना बसवत नव्हतं. पोट तट्ट फुगायचं. जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरायचं. ओटीपोटात सतत ओढल्यासारखं व्हायचं आणि घडीघडी लघवीला उठावं लागायचं. “वहिनी, संडासातच टेबल टाकून देऊ का?” असं मुकादम एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले, वहिनीही हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं.

त्या डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या असं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चारदा जाऊन आल्या. डॉक्टरांनी एकदाही पोटाला हात लावला नाही. “पाळी गेली ना? मग असं व्हायचंच. गॅस आहेत. कमी काळजी करा,” असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. चौथ्या वेळी तर वहिनींचं बोलणं संपायच्या आत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मोकळीमायने मात्र त्यांचा हात हातात घेतला होता. “खूप सोसलंस गं बाई,” म्हणाली होती. तेवढ्यावरच वहिनी हमसून रडल्या होत्या. मग टेबल, कापूस, रक्त आणि तो गोळा. त्या रात्री त्या कित्येक महिन्यांनी पोटभर जेवल्या आणि शांत झोपल्या. सोबत मोकळीमायची ताकीदही होती. “आता सुई नाही, मशीन नाही, पोटाचे फोटो नाहीत. मशीनची किरणं लागली की उरलेलं मूळ चेकाळतं. मग माझ्याकडे रडत यायचं नाही!”

वहिनींचं हे प्रकरण घरच्यांपैकी एकाच माणसाला पटलं नव्हतं. ती म्हणजे त्यांची थोरली नणंद. वन्सं शाळेत विज्ञान शिकवायच्या, एकट्या राहायच्या आणि त्यांची जीभ धारदार होती.

“मांसाचा तुकडा दाखवला आणि तू भुललीस?” असं त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या. त्यावरून दोघींचा अबोला झाला. पुढे एकदा वन्सं घरी आल्या, तेव्हा वहिनी मोरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. गळ्याखालची हाडं वर आली होती, आणि पोट मात्र दिवस गेलेल्या बाईसारखं पुढे.

“दुखतंय?”

“नाही. गाठ निघाली ना.”

“वहिनी, माझ्याकडे बघून सांग.”

वहिनींनी बघितलं नाही. “मूळ सुकायला वेळ लागतो. मोकळीमाय म्हणाली तसं.”

 वन्सं खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मलाही हल्ली ओटीपोटात जड वाटतं. मला नेशील तिच्याकडे?”

वहिनींना स्वर्ग दोन बोटं उरला. वन्संसारखी बाई वळली!

म्हणून आज दोघी इथे होत्या. आणि नाव पुकारल्यावर वन्सं निमूटपणे टेबलावर आडव्या झाल्या.

मोकळीमायने त्यांच्या पोटावर तळवे फिरवले. तिच्या बाजूला पांढऱ्या सदऱ्यातला माणूस ओल्या कापसाच्या बोळ्यांचा ट्रे धरून उभा होता. “जड वाटतं? कंबर धरते? रात्री उठावं लागतं?” प्रत्येक प्रश्नाला वन्सं “हो” म्हणत गेल्या.

“सापडली!” मोकळीमायने डोळे मिटले. “किती वर्षांची आहे बघा! अगं बाई, ही तर गर्भाशयाला चिकटून बसलीय. पार वेटोळं घातलंय गर्भाशयाला!”

तिने कापूस घेतला, पोटावर दाबला, बोटं आत रुतवली. लाल पाणी वाहू लागलं. बायकांनी श्वास रोखले.

वहिनी मात्र एका शब्दाशी अडल्या होत्या.

गर्भाशय?

आठ-नऊ वर्षांपूर्वीचा इस्पितळातला वॉर्ड त्यांच्या डोळ्यांसमोर आला. वन्संचं रक्त थांबत नव्हतं म्हणून ऑपरेशन केलं होतं. गर्भाशय खालून काढलं होतं, म्हणून पोटावर वण नव्हता. उशाशी वहिनीच बसल्या होत्या. पेज त्यांनीच भरवली होती. एवढ्या वर्षांत ती गोष्ट मागे पडली होती.

“निघतेय! गर्भाशयापासून सुटतेय!” मोकळीमाय ओरडली.

 बोलायचं म्हणजे आपलंही काही निघालं नव्हतं, हे कबूल करायचं. गप्प राहिलं तर निदान आजची रात्र धीराची जाईल. टेबलावरून वन्सं त्यांच्याकडेच बघत होत्या. नजरेत ना टोमणा, ना राग. नुसती वाट बघणं.

“वन्संना गर्भाशयच नाही!” वहिनींच्या तोंडून निघालं.

“काय म्हणालीस?” मोकळीमायचा हात हवेतच राहिला. बोटांत गोळा होता.

“काढलंय ते. मी होते तिथे. मग तुम्ही ही गाठ कुठून सोडवलीत?”

खुर्च्या करकरल्या. मोकळीमाय पटकन सावरली. “गर्भाशय गेलं तरी त्याची जागा असते, बाई! जागेला गाठ धरते!”

तोवर वन्सं उठून बसल्या होत्या. सदरेवाल्याने ट्रे मागे ओढला, पण त्यांनी त्याआधीच कोपऱ्यातला एक फुगीर बोळा उचलला होता. तो त्यांनी स्वतःच्या मनगटावर दाबला आणि अंगठ्याच्या नखाने आत टोचलं. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं. दोन बोटांनी त्यांनी बोळ्यातून काळपट गोळा ओढून काढला आणि उंच धरला.

“बघा, माझ्या मनगटातूनही गर्भाशयाची गाठ निघाली!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसेना.

वन्संनी बोळा उलगडून पुढच्या रांगेत दिला. कापसाच्या पोटात पातळ प्लास्टिकची फाटलेली पिशवी होती. आत रंगाचं पाणी आणि कोंबडीच्या काळजाचा केस गुंडाळलेला तुकडा. “मऊ पोटावर बोटं दुमडून दाबली की आत गेल्यासारखी दिसतात. बाकीचं काम लाल पाणी करतं. आणि गोळा लगेच जाळायचा, म्हणजे तपासायला काही उरत नाही.”

सदरेवाला ट्रेसकट मागच्या दाराने केव्हाच पसार झाला होता. मोकळीमाय “श्रद्धा नसलेल्यांनी जागा बाटवली” असं ओरडत राहिली. काही बायका तिच्यावर धावून गेल्या, तर काही वन्संवरच. एक बाई रडत म्हणाली, “तिने निदान माझं ऐकून तरी घेतलं होतं. तुम्ही काय दिलंत?” वन्संनी वहिनींचा हात धरला आणि त्या बाहेर निघाल्या.

जिन्यावर वहिनी कठड्याला टेकल्या. “मला आधी सांगायचं होतंत.”

“तू मला येऊच दिलं नसतंस.”

“मग मला बरं कसं वाटलं? चार दिवस खरंच बरं वाटलं हो.”

“कुणीतरी हात धरला म्हणून. आणि दुखणं काही रोज सारखं नसतं.”

“म्हणजे माझं जे काय आहे ते...”

“अजून आतच आहे,” वन्सं म्हणाल्या. “चल. आजच जाऊ.”

या वेळी वन्सं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंसमोर ठाण मांडून बसल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, पोट तपासलं, रक्त घेतलं आणि सोनोग्राफी करवली. पडद्यावर अंडाशयावरची गाठ दिसली. खरी गाठ. तिला केस नव्हते आणि ती कापसाने पुसली जाणार नव्हती.

तो कर्करोग होता. मोठं ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं. केस गेले, चव गेली. वहिनी कधी कुढल्या, कधी वन्संवर खेकसल्या. डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. “आणखी आधी आला असतात तर सोपं गेलं असतं. पण आता आलात, म्हणून उपाय करता येतोय,” एवढंच त्या म्हणाल्या. सध्या तपासण्या ठीक आहेत आणि वहिनी पुन्हा कामावर जातात. जेवणाच्या सुट्टीत नव्या-जुन्या सगळ्या बायकांना जवळ बसवून त्या हे सगळं न लाजता सांगतात, कारण लाजण्याची किंमत त्यांनी मोजली आहे.

तेच इथे सांगायचं. पोट सतत फुगत असेल, दोन घासांत भरत असेल, ओटीपोटात दुखत असेल, वारंवार लघवीला जावं लागत असेल आणि हे आठवड्यामागून आठवडे चालू असेल, तर ते वयाच्या माथी मारू नका. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण ते साधं आहे हे तपासणीने ठरू द्या, कुणाच्या अंदाजाने नको आणि कुणाच्या चमत्काराने तर नकोच. एका डॉक्टरने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा. आणि डॉक्टरहो, समोरच्या बाईचं बोलणं पुरतं ऐका, तिच्या पोटाला हात लावून बघा. तुम्ही न ऐकलेलं ऐकून घ्यायला कुणीतरी मोकळीमाय टपून बसलेलीच असते.