टोपलीचा तळ

या घरात जुळे जन्मले, त्या वर्षी मी आले. मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. मला विणणाऱ्या कारागिराने दोन्ही बाजूंना दोन कान लावले आणि गिऱ्हाइकाला बजावले, "फळांची टोपली आहे, जपून वापरा." फळ मी आजवर एकही पाहिले नाही. पहिल्याच दिवशी जुळ्यांचे बावीस लंगोट माझ्यात पडले आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

घरात माणसे मोजकी, पण कपडे फार. बाबा बेकरीत कामाला. त्यांच्या शर्टांतून पीठ गळत असे. आई नर्स. तिचा पांढरा गणवेश रोज एक. जुळे शाळेतून येत ते निम्मे मैदान अंगावर घेऊन. मागाहून झालेली ठकी तर दिवसातून तीनदा कपडे बदलायची. या साऱ्यांना पुरी पडणारी एकटी आत्या. बाबांची थोरली बहीण. जुळ्यांच्या वेळी "महिनाभर राहते, बाळंतपण आटोपलं की जाते," असे सांगून आलेली ती आपल्या जुन्या खोलीवर परत गेलीच नाही.

माझी जागा जिन्याच्या वरच्या वळणावर होती. आत्या रोज सकाळी मला खाली मागच्या अंगणात न्यायची, मशीनपाशी. मशीनमध्ये माझा अर्धाच भार मावे. तेवढ्यात वरच्या कठड्यावरून मोजे, टॉवेल, चड्ड्या येऊन पडत.

"अरे, डोक्यावर नको, टोपलीत टाका!" आत्या ओरडायची.

"नेम धरूनच टाकतोय, आत्या!" जुळे वरून म्हणायचे.

कपडा पाण्यात जाण्याआधी आत्या त्याचा खिसा उलटा करायची. "मशीनला काय कळतंय कुणाच्या खिशात काय ते," म्हणायची. खिळे, गोट्या, खोडरबर, आईच्या पेनांची टोपणे असे जे सापडेल ते खिडकीतल्या काचेच्या बरणीत जायचे. ज्याचे त्याने तिथून घ्यायचे. मग माझ्यात डोकावून म्हणायची, "खादाडे, एकदा तरी तुझा तळ दाखव गं. मरायच्या आत बघायचाय मला."

मलाही तेच वाटायचे. एकदा रिकामे व्हावे, अंगातून वारा जावा.

माझा डावा कान तेव्हा करकरायला लागला होता. उचलले की आवाज यायचा. सगळे ऐकायचे. "बघू रविवारी," बाबा म्हणायचे. असे कितीतरी रविवार गेले. ठकी पहिलीत होती त्या वर्षी, जिना उतरताना तो कान तुटला. मी एका बाजूला कलंडले आणि आत्या सहा पायऱ्या खाली गेली. मांडीचे हाड मोडले. मित्रांनो, ते आठवले की आजही माझा वेत आखडतो.

दीड महिना ती इस्पितळात होती. घरी मी भरले, ओसंडले, मग माझ्याभोवती ढीग लागला. जुळे मोजे उलटे करून पुन्हा घालू लागले. बाबांनी खिसा न बघता शर्ट धुतला आणि आतल्या चिठ्ठीचा लगदा आईच्या गणवेशाला चिकटला. ती कामावर गेली तेव्हा इस्पितळातल्या कुणीतरी विचारले, "बाई, बर्फ पडला का तुमच्याकडे?"

आत्या घरी यायच्या आदल्या दिवशी बाबांना कल्पना सुचली. "ताईला तळ बघायचा होता ना? दाखवू." त्यांनी तुटका कान तारेने आवळला. पण इतके कपडे धुणार कधी? मग सगळे मळके कपडे बेकरीतल्या पिठाच्या रिकाम्या पोत्यांत कोंबले आणि पाच पोती आत्याच्याच खाटेखाली सरकवली. "कुणी बोललं तर बघा," असा पोरांना दम दिला. मी रिकामी झाले. वारा अंगातून गेला, पण सुख काही वाटले नाही. नुसती भीती वाटत राहिली.

आत्या काठी टेकत आत आली. तिने आता जिना चढायचा नाही म्हणून मला खालीच, तिच्या खाटेजवळ ठेवले होते. तिने माझ्यात पाहिले. बराच वेळ पाहिले.

"जमलं की रे तुम्हाला माझ्यावाचून," ती हळूच म्हणाली.

"बघितलंस ना, ताई!" बाबा खुशीत म्हणाले. तिला काय लागले ते त्यांना कळलेच नाही.

"छान झालं. माझी पेटी काढ. जुन्या खोलीची किल्ली अजून आहे माझ्याकडे."

"वन्सं, असं काय बोलता?" आई म्हणाली.

"ओझं उचलता येणार नाही म्हणालाय डॉक्टर. मग मीच ओझं होऊन कशाला राहू?"

 मला तोंड नाही. पाच पोती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ओरडावेसे वाटत होते, पण तारेचा कान नुसता थरथरला.

तेवढ्यात ठकी खाटेखाली शिरली. "आत्या, तू गेलीस तर हे कोण धुणार?" म्हणत तिने पोते ओढले. ते फाटले. मोजे, चादरी, पिठाने माखलेले शर्ट, सगळे आत्याच्या पायांशी आले.

आत्याने एक शर्ट उचलला, सवयीने खिसा उलटा केला. त्यातून बाबांचे घड्याळ पडले.

"गाढवा!" ती बाबांना म्हणाली. "हे धुतलं असतंस तू?" आणि मग हसत, रडत तिथेच बसली.

त्या दिवसापासून कपडे नेणे, धुणे, वाळत घालणे बाकीच्यांकडे गेले. आत्या माझ्याशेजारी बसून खिसे तपासायची आणि घड्या घालायची. जुन्या खोलीची किल्ली तिने बरणीत टाकली. ती कुणीच घेतली नाही.

मित्रांनो, एवढेच मागते. कपडा टाकताना खिसा बघा. आणि घरात काही करकरत असेल, वस्तू असो की माणूस, तर रविवारची वाट पाहू नका.

माझा तळ त्यानंतर कुणी पाहिला नाही. आत्या वारली ती ठकी चौथीत असताना, नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी नऊ वाजता. त्या दिवशी मी अर्धी भरलेली होते.