आडोशातली चिठ्ठी

यानुमाने बहिणीच्या चिठ्ठीला उत्तर दिले नाही, असे अजूनही नदीकाठी बोलतात. मित्रांनो, दोष त्याचा नव्हता. मी एक जुना आडोसा आहे, ताडाच्या पात्यांचा, आणि ती चिठ्ठी माझ्यात खोचलेली होती. हे मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. लपवणे एवढेच मला येते.

आईने मला विणले ते थोरल्या लेकीसाठी, कायेतासाठी. वयात आल्यावर आमच्या रिवाजाप्रमाणे ती वर्षभर माझ्यामागे बसली. केस डोळ्यांवर उतरेपर्यंत बाहेर पडायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. धाकटा यानुमा दिसावा म्हणून तिने बोटाने माझ्यात एक फट पाडली. त्यातून ती त्याला कसाव्याच्या कंदाच्या भाकरीचे तुकडे द्यायची.

पुढे ती शहरात शिकायला गेली आणि यानुमा मांत्रिक होण्यासाठी माझ्यामागे बसला. आईने फट शिवून टाकली. म्हातारा मांत्रिक उलूपेमामा त्याला रोज तंबाखूचा धूर गिळायला लावी. बायका जाता-येता चिडवत, "आत बसून फार गोरा झालास म्हणे. नदीवर आलास तर मासेसुद्धा ओळखायचे नाहीत." माझेही कौतुक होई, की एक किरण आत जात नाही. मी फुलून जायचो.

मग नावाड्याने चिठ्ठी आणली आणि आईला वाचून दाखवली. कायेता दवाखान्यात होती. औषध लागू पडत नव्हते. भावाने येऊन अंगावर धूर फुंकावा, एवढेच तिचे मागणे होते.

मामा हळूच म्हणाला, "त्याच्यातला धूर अजून कच्चा आहे गं. आता उठवलंस तर दोन्ही लेकरं जातील. त्याच्या कानावर घालू नकोस."

"मग तिला काय कळवू?"

आईने चिठ्ठी त्या शिवलेल्या फटीत खोचली. आत, वीतभर अंतरावर, यानुमाचे डोके होते. तीन महिने ती तिथेच राहिली. मी एक पातेही हलवले नाही.

तो बाहेर आला तेव्हा कायेताला पुरून दोन महिने झाले होते. मला उतरवताना चिठ्ठी त्याच्या पायाशी पडली.

आई म्हणाली, "मला एकाला तरी वाचवायचं होतं."

"मग मांत्रिक कशाला केलंस मला?"

त्याने पुन्हा कोणावर धूर फुंकला नाही. मी दाराबाहेर कुजत पडलो आहे. मित्रांनो, घरातल्या आडोशाला कोणी फट पाडली, तर ती शिवण्याआधी पलीकडे कोण आहे ते पाहा.

परवा यानुमाने माझ्याशेजारी बसून दोन ओळी लिहिल्या. ताई, चिठ्ठी मिळाली. निघतो आहे.

नावाडी म्हणाला, "तिथं आता कोण आहे, बाबा?"

"पत्ता तोच आहे. टाक तू."

आज नावाडी परत आला. टाकली, म्हणाला.