रांगेत लावलेलं जंगल

ड्रिलबाई शाळेतून निवृत्त झाल्या, त्यांची शिस्त काही झाली नाही. इमारतीमागच्या राडारोड्याच्या जागेवर इथल्याच मातीतल्या झाडांचं दाट जंगल उभं करायचं त्यांनी मनावर घेतलं आणि सोसायटीच्या भर सभेत अध्यक्षांशी भांडून ती जागा पदरात पाडून घेतली. अध्यक्षांना तिथे गाड्या लावायच्या होत्या.

"दोन वर्षं देतो," ते म्हणाले. "निम्मी रोपं मेलेली दिसली, तर फरशी बसवणार. मोजायला मी स्वतः येईन."

"अवश्य या," बाई म्हणाल्या.

माती खोल खणून खत मिसळलं आणि लागवडीला सगळी इमारत खाली उतरली. बाईंनी दोऱ्या ताणून रोपं लावून घेतली. बुटकी झुडपं पुढे, मध्यम मध्ये, उंच वाढणारी मागे, वर्गाच्या फोटोला मुलं उभी करतात तशी. अध्यक्षसुद्धा "नीटनेटकं आहे" म्हणून गेले, तेव्हा बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आली. रोपं तिच्याच रोपवाटिकेतली होती.

"आत्या, ही तर तू शाळा भरवलीस."

"सरळ आहेत ना रांगा?"

"तेच तर चुकलंय. मी म्हटलं होतं, सगळी मिसळून लाव."

"मला वाटलं, घाईत बोललीस."

भाचीने कपाळावर हात मारला. "अगं, उंच-बुटकी शेजारी असली की उजेडासाठी चढाओढ करत वर जातात, खालची माती सावलीत ओली राहते. अशी ठेवलीस तर पुढची करपतील, मागची आपसात भांडतील. निम्मी तरी जातील."

निम्मी! म्हणजे फरशी बसलीच. दिलेला हुकूम मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण रोपं काही त्यांच्या अब्रूवर जगणार नव्हती. त्या तडक जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं चुकलंय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मुळं धरायच्या आत सगळं काढून परत लावायचंय. खाली या."

तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने दार उघडलं. "बाई, हे पुन्हा एकदा म्हणता का? बायकोला बोलावतो. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसायचा नाही."

हसतहसत माणसं उतरली. दुपारपर्यंत एकही रांग उरली नाही. बाईंनी स्वतः गुडघे टेकून रोपं मिसळली, वर जाड पेंढा अंथरला. वरच्या गॅलरीत अध्यक्ष मान हलवत होते. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काम आता बरोबर होतंय हे त्यांना कळत होतं आणि फार बरं वाटत होतं.

पुढे पाणी घालणं, गवत उपटणं चालूच राहिलं, त्यात कुणाची टाळाटाळ बाईंनी खपवून घेतली नाही.

दोन वर्षं भरली आणि अध्यक्ष खरंच आले. त्यांनी एक फांदी बाजूला सारली, दुसरी तोंडावर आली. वाकून पाहिलं, तर खालीही झुडपंच. पाऊल टेकायला जागा नव्हती. शर्टाची बाही काट्यातून सोडवत त्यांनी विचारलं, "बाई, मोजायचं कसं?"

"शिरा की आत," बाई म्हणाल्या. "मी कुठे अडवलंय?"