जाम नदीतला काळा गोटा

मी जाम नदीतला काळा गोटा. मुठीत मावतो म्हणून मला लहान समजू नका.

संत्र्याला साल, तसं धरणीला पातळ कवच. त्याखाली प्रावरणाचा जाड, तापलेला थर आणि पार आत धगधगता गाभा. प्रावरणात वितळलेला रस होतो मी. एके दिवशी वरचं कवच फाटलं आणि आम्ही उसळून बाहेर आलो. रानं जळाली, पाणी उकळलं. थरावर थर साचले, निवले. मी दगड झालो. तेव्हा ही भूमी दूर दक्षिणेला होती. नखं वाढतात त्या चालीनं सरकत ती इथवर आली, पुढच्या भूमीला धडकली, डोंगर उभे राहिले. ती अजून सरकतेच आहे. मग नदीनं मला खडकातून तोडलं, घासून गोल केलं. एवढा मार खाल्ला, पण माझ्यामुळं कोणाचं घर मोडलं नव्हतं.

मागच्या पोळ्याला पांढुर्ण्याचा मुकुंद नदीपलीकडच्या सावरगावला बहिणीकडे, अलकाकडे जेवायला गेला. परतताना तिचा नवरा कुणाल त्याला काठापर्यंत पोचवायला आला.

"भाऊजी, उद्या गोटमार. डोस्कं सांभाळजा!"

"तू तुयं सांभाळ बे. झेंडा आमचाच."

दोघं हसत वेगळे झाले.

दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाच्या झाडावर झेंडा लागला आणि तो आपल्या गावाला मिळावा म्हणून दोन्ही काठांवरून दगड सुटले. ढोल, शिव्या, फुटलेली डोकी. मुकुंदनं मला उचललं. त्याला माणूस दिसलाच नाही, नुसता पलीकडचा काठ दिसला. मी जाऊन कुणालच्या डोळ्यावर बसलो.

अलका किंचाळत आली. नवऱ्याच्या डोळ्यावर पदर दाबून तिनं समोर पाहिलं. भावाचा हात अजून वरच होता. तिनं मला उचललं. वाटलं, आता मी उलटा जातो. पण तिनं मला ओटीत घेतलं.

डोळा गेला. वर्षभर मुकुंद फिरकला नाही. आज पोळ्याला तो दारात उभा राहिला, मान खाली.

"आत ये ना बे," कुणाल म्हणाला. "एका डोळ्यानंबी दिसून राह्यला तू."

अलकानं पाटा पुढं सरकवला, त्यावर मिरच्या टाकल्या आणि मला भावाच्या हातात दिलं.

"ओळखलं का? वाट आता."

मुकुंद वाटत राहिला. "लय झोंबून राह्यली, ताई."

"झोंबू दे. उद्या जातं काय काठावर?"

त्याची मूठ माझ्यावर घट्ट झाली.

मुकुंदा, धरणीचं सरकणं कोणाला थांबवता येत नाही. तुझा हात तुझा आहे. उठशील तेव्हा मला इथंच, पाट्यावर ठेव.