मोटारीतून दिसेल तेवढं

“रस्त्यापासून पाच फूट,” श्यामसुंदर प्रधान टेप धरून म्हणाले. “त्याच्या पलीकडे मूठभरसुद्धा टाकायचं नाही.”

मरोळच्या कॉन्सेप्टाबाई पोटरीभर चिखलात उभ्या होत्या. त्यांनी टेपकडे पाहिलं, मग बांधावरच्या अमोनियम सल्फेटच्या एकुलत्या गोणीकडे, आणि मग मागच्या पिवळ्या पडत चाललेल्या भाताकडे.

“चार गोणी सांगितलेल्या ना तुम्ही, मास्तर?”

सांगितल्या होत्या. प्रधान मास्तर नव्हते, एकवीस वर्षं शेतकी खात्यात कारकून होते, आणि मार्चमध्ये परिपत्रक घेऊन तेच इथे आले होते. मासळीचं कुटं, म्हणजे सुक्या मासळीच्या भुग्याचं खत, जुनाट, जपानी पद्धतीच्या भातशेतीला ते शोभत नाही, यंदा घेऊ नका, सरकार खत देणार आहे, असं त्यांनी या विधवा बाईंना तासभर समजावलं होतं. बाईंनी ऐकलं. घरच्या पाच माणसांची वर्षभराची पेज याच शेतावर. कुटं न घालता लावणी झाली, आणि मग खताची टंचाई जाहीर झाली.

टंचाई जाहीर झाल्यावर खातं झोपून राहिलं असं मात्र कुणी म्हणू नये. तीन बैठका झाल्या. पहिलीत समिती नेमली, दुसरीत समितीला टेबल मंजूर झालं. तिसरीत ठरलं, की मंत्री पवईला जाताना या रस्त्यानं जाणार, तेव्हा आलंय तेवढं खत रस्त्याकडेला, मोटारीतून दिसेल तेवढ्या रुंदीत द्यावं. ती रुंदी पाच फूट भरते, हे खात्याच्या साहेबांनी स्वतः मोटारीत बसून पाहिलं.

उरलेल्या शेताचं काय, असं प्रधानांनी विचारलं होतं. साहेब म्हणाले, “मंत्री काय चिखलात उतरणारेत? डोकं चालवा ना जरा, प्रधान.”

मंत्री गेले. मोटार थांबली नाही. काच मात्र खाली झाली म्हणतात. पंधरवड्यात अहवाल आला: अंधेरी ते पवई पीक हिरवेगार, टंचाई आढळली नाही, सबब पुढील साठा रद्द. त्याची स्वच्छ प्रत प्रधानांनीच काढली, त्यांचं अक्षर सुरेख म्हणून. त्या दिवशी घरी बायकोनं, रत्नप्रभाबाईंनी, वाढलेला भात त्यांनी ताटात तसाच ठेवला आणि पोटाचं कारण सांगितलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा आला. नव्या भाताच्या लोंब्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन आशीर्वाद घ्यायचा, असा तिथल्या ख्रिस्ती गावांचा सण. प्रधान सकाळीच मरोळला गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कॉन्सेप्टाबाई विळा घेऊन शेतात उतरत होत्या. रस्त्याकडची पट्टी कमरेच्या वर गेलेली, लोंब्या भारानं वाकलेल्या. बाई तिच्यातून सरळ पलीकडे गेल्या आणि खुरटलेल्या पिकात वाकल्या.

“बाई, या भरलेल्या घ्या की. तुमच्याच आहेत.”

“त्या मोटारवाल्यांसाठी हायत, मास्तर. आमचा देव चालत येतो.”

प्रधान माफीचं काहीतरी पुटपुटले. बाईंनी ते ऐकून घेतलं नाही. येत्या सालाला कुटं घेऊ ना, तेवढं सांगा, म्हणाल्या.

“घ्या,” प्रधान म्हणाले. परिपत्रकाशिवाय दिलेला हा त्यांचा पहिलाच सल्ला.

देवळाच्या दाराशी त्यांनी सवयीनं वहाणा काढल्या. आत सगळे बूट घालून उभे होते. पाद्री तीर्थ शिंपडत पुढे सरकत होता. कॉन्सेप्टाबाईंची पेंढी इतकी बारीक होती की एका मुठीत मावली. दुसऱ्या हातानं त्यांनी लुगड्याचा पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.