निकाराग्वाची पुनर्रचना

राज्यकारभाराचा पाया म्हणजे जिल्हा. जिल्हे नीट आखले की देश आपोआप ताळ्यावर येतो. पद्माकर देऊस्करांचं हे मत महसूल खात्यात हयात घालवून मुरलेलं होतं, आणि ते त्यांनी जर्मनीत उंटरश्लाइसहाइममधल्या मुलाच्या घरी, घेवड्याच्या शेंगा निवडता निवडता मांडलं. ऐकायला फक्त कुसुमताई होत्या. त्यांनी टोपली आणखी पुढे सरकवली.

"दोरे नीट काढा. काल दातात आले."

उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालेले पद्माकरराव तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. मुलगा मोहन आणि सून नीता दोघंही सॉफ्टवेअर कंपनीत, नात अन्वी शाळेत. इथे पद्माकररावांना कुणी काही विचारत नसे. उलट कुठला कचरा कुठल्या डब्यात, हे शेजारपाजारचे लोक त्यांनाच समजावून सांगत. ज्या माणसाच्या सहीशिवाय अर्धा जिल्हा अडायचा, त्याला दह्याचा डबा धुऊन टाकायला शिकवलं जात होतं.

अशात चौथीतल्या अन्वीला रेफराट मिळालं. म्हणजे तक्ता करून वर्गापुढे बोलायचं. तिच्या शाळेचं निकाराग्वातल्या एका शाळेशी सख्य होतं, त्यामुळे विषय होता 'निकाराग्वाचे प्रशासकीय विभाग'.

"बाबा, हे साधं नाहीये हं," नीता म्हणाली. "इथे चौथीच्या ग्रेड्सवर ठरतं, पोरगी गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठात नेणाऱ्या शाळेला, जाणार की नाही ते. आणि आपली सरासरी अगदी काठावर आहे. माझं नेमकं या आठवड्यात रिलीज आहे. तुम्ही जरा बघाल का तिचं?"

"प्रशासकीय विभाग म्हणालीस ना?" पद्माकररावांनी विचारलं. त्यांनी हात पुसले होते.

अन्वीनं नकाशा छापून आणला. पंधरा विभाग आणि पूर्वेला दोन स्वायत्त प्रदेश. पद्माकररावांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा पडला. ते दोन प्रदेशच जवळजवळ अर्धा देश व्यापून बसले होते. तिकडे मासाया नावाचा विभाग मात्र नखाएवढा.

"हे काय? इथल्या माणसाला दाखला हवा असला तर तो मुख्यालयाला पोचणार कधी?"

"इस्ट डोख एगाल, आजोबा," अन्वी म्हणाली. काय फरक पडतो, असा त्याचा अर्थ. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र अर्धंमुर्धं जर्मनमध्ये यायचं.

"फरक पडतो बाळा. इथे विभाजनच हवं."

कुसुमताईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. "अहो, उभ्या नोकरीत एक तालुका तोडता आला नाही तुम्हाला. प्रस्ताव मंत्रालयात धूळ खात पडला तो पडलाच. आता परक्यांचा देश तोडा!"

यात खोटं काहीच नव्हतं. पण निकाराग्वाची फाइल मंत्रालयात जाणार नव्हती, ही जमेची बाजू होती.

पुढचे काही दिवस शेंगा कुसुमताईंनीच निवडल्या. पद्माकररावांनी नद्या पाहिल्या, रस्ते पाहिले, पूर्वेकडचे मोठे प्रदेश तोडले, मासायाला शेजारची गावं जोडली. सतराचे चोवीस झाले. रंग अन्वीनं भरले, पण मध्येच तिला शंका आली. "आबर आजोबा, खरे झीबत्सेनच आहेत!"

"सतरा ही सद्यःस्थिती. आपण प्रस्तावित स्थिती दाखवायची. सद्यःस्थिती कुठलाच साहेब वाचत नाही."

"मग एक माझ्या नावाचा."

"छे. हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही. नियम आहे."

अन्वीनं विचार केला. फ्लोकी हे तिचं गिनीपिग गेल्या हिवाळ्यात वारलं होतं. पद्माकररावांनी नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला. आक्षेप घेण्यासारखं काही सापडेना. नदीकाठचा एक हिरवागार जिल्हा फ्लोकी झाला.

कुठलीही गोष्ट रीतसर व्हावी म्हणून त्यांनी फ्रिजवर सुवाच्य अक्षरात नोटीस लावली: हरकती व सूचना असल्यास गुरुवारपर्यंत कळवाव्यात. गुरुवारी कुसुमताईंनी नोटीस काढून तिच्यावर तळलेल्या पुऱ्या निथळत ठेवल्या.

शुक्रवारी वर्गशिक्षिका फ्राऊ ल्योफ्लर यांच्या परवानगीनं नीता आणि पद्माकरराव वर्गात मागे छोट्या खुर्च्यांवर बसले. नीतानं तक्ता पहिल्यांदा तिथेच पाहिला.

"बाबा, हे चोवीस कुठून आले?"

"प्रशासकीय सोय."

"अहो बाबा, ग्रेड जाईल तिची!"

अन्वी मात्र खणखणीत बोलली. लांबून दाखल्यासाठी येणारा म्हातारा, बंद खिडकी, उद्या या म्हणणारा कारकून, सगळं जर्मनमध्ये आलं. फ्लोकी जिल्ह्याशी पोचली तेव्हा ते नाव कुणाचं हेही तिनं सांगितलं आणि वर्गात हात वर झाले. एका मुलीला मेलेल्या मांजरीचा जिल्हा हवा होता. दुसऱ्या एका मुलाचं कासव जिवंत होतं, पण फार म्हातारं होतं. त्याला मुख्यालय तरी द्या, अशी मागणी आली. मागच्या बाकांनी टेबलं वाजवायला सुरुवात केली.

पद्माकररावांना भरून आलं. "बघ, कृती समिती झालीसुद्धा," ते नीताला म्हणाले.

फ्राऊ ल्योफ्लर यांनी हात वर करून शांतता केली. मग मागे वळून त्यांनी एक प्रश्न विचारला. नीतानं खालच्या आवाजात भाषांतर केलं. "त्या विचारतायत, तिथल्या लोकांना कुणी विचारलं का?"

पद्माकरराव उठून उभे राहिले. खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी उठली.

"सांग त्यांना. हरकती मागवल्या होत्या. विहित मुदतीत निकाराग्वातून एकही आली नाही."

नीतानं हे कसंबसं सांगितलं. फ्राऊ ल्योफ्लर यांनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "इंटरेसांट," त्या म्हणाल्या. पटलं नाही की जर्मन माणूस हा शब्द वापरतो, हे इतक्या वर्षांत नीताला ठाऊक झालं होतं. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

तास संपल्यावर ती टेबलापाशी गेली. चूक मुलीची नाही, सासऱ्यांची आहे, ते महसूल खात्यात होते, तेव्हा ग्रेड देताना एवढं लक्षात घ्यावं, असं ती एका दमात बोलून गेली.

"कुठली ग्रेड?" फ्राऊ ल्योफ्लर यांनी विचारलं.

चौथीच्या ग्रेड्स आठवड्याभरापूर्वीच पक्क्या झाल्या होत्या, पत्रं तेवढी घरी जायची होती, आणि अन्वी गिम्नाझियमसाठी पात्र ठरली होती. रेफराटं सुट्टीपर्यंतचे तास भरून काढायला ठेवली होती.