सत्तेचाळीस ताटल्या

विहारामागच्या मोकळ्या प्लॉटवरून धूर निघाला की कलाबाई काही न बोलता उठायच्या. प्लॉटकडे उघडणारी घराच्या मागच्या खोलीची खिडकी लावायच्या, फटीत फडक्याचा बोळा कोंबायच्या आणि दम्याचा पंप हातात घेऊन पलंगावर बसून राहायच्या.

मलकापूरच्या त्या वस्तीत बारसं असो, लग्न असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, जेवणं विहाराच्या सभागृहात होत आणि जेवणानंतरचा ढीग मागच्या प्लॉटवर पेटवला जाई. प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या पत्रावळी, थर्माकोलच्या वाट्या, पातळ गिलास. घंटागाडी सकाळी येई. पण तोवर ढीग ठेवला तर कुत्री तो गल्लीभर पसरवत. पेटवला की काम संपलं, असं सगळ्यांना वाटे.

कलाबाईंचा मुलगा अविनाश यालाही तसंच वाटे. तो भूमापन कार्यालयात कारकून आणि विहार समितीचा सचिव. माणूस वाईट नव्हता. आईचा पंप त्याने कधी संपू दिला नाही. पण धुराचा विषय निघाला की म्हणायचा, "खिडकी लाव ना माय. दोन घंट्याचा तर सवाल हाय."

फेब्रुवारीत त्याच्या मुलीचं, धम्मशीलाचं, साक्षगंध ठरलं. मुलाकडचे डोणगावचे. चारशे माणसांचं जेवण. अविनाश ओट्यावर यादी करत बसला होता, तेव्हा कलाबाई शेजारी येऊन टेकल्या.

"अवी, ते कागदी पानं नोको आणू. विहारातल्या ताटल्या काढ. तुह्या बाबाच्या नावाच्याच एकावन्न हायेत."

या वस्तीची ती जुनी रीत. घरातलं माणूस गेलं की घरच्यांनी विहाराला स्टीलच्या ताटल्या द्यायच्या, मागे नाव कोरून. अविनाशचे वडील भाऊराव रेल्वेत गँगमन होते. ते गेले तेव्हा कलाबाईंनी दिल्या होत्या. 'कालकथित भाऊराव तायडे यांच्या स्मरणार्थ.' अशा करत करत तीनशेवर ताटल्या जमल्या होत्या. जेवण झालं की लोक ताटली धुऊन उलटी करत आणि आज आपण कोणाच्या ताटात जेवलो ते वाचत. गेलेली माणसं अशी पंगतीला येऊन जात.

अविनाश यादीतून मान वर न काढता म्हणाला, "माय, पोरीचं साक्षगंध हाय. डोणगावच्या पाहुण्याइले मेलेल्या माणसाइच्या नावाच्या ताटल्यात जेऊ घालू? हासतीन लोक."

"काऊन हासतीन? आपलेच माणसं होते ना ते?"

"अन् ताटल्या हायेत कुठं आता? मागच्या मीटिंगमध्ये ठराव झाला. नुसत्या पडून होत्या. भंगारात देल्या."

"तुह्या बाबाच्याही?"

"सगळ्याच. नावं पाहून थोडीच देतात?"

ठरावाखाली सही त्याचीच होती. कलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. पुढचे दोन दिवस सकाळी त्या कुठेतरी जाऊन आल्या. धम्मशीलाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाय मोकळे कराले गेलती वं."

साक्षगंध थाटात झालं. डोणगावची मंडळी जेवून तृप्त झाली. दुपारी तीनच्या सुमारास विहारामागे कमरेइतका ढीग साचला. त्याला आंबूस वास सुटू लागला, तसा अविनाश अस्वस्थ झाला. विहाराची देखभाल करणाऱ्या सहदेवला त्याने बाजूला घेतलं.

"पाहुणे अजून बसले हायेत. वास येऊन राह्यला. पेटवून दे तेवढं."

"मागच्या खोलीत कलामाय निजली हाय ना भाऊ?"

"खिडकी लावलेलीच राह्यते तिची."

खिडकी लावलेली होतीच. पण पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी घर झाडताना फटीतला तो मळका बोळा कुणीतरी केरात टाकला होता. सहदेवने ढीग पेटवला तेव्हा वारा घराकडे वाहत होता. पाहुण्यांच्या गडबडीत तासभर त्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. नव्या साडीत आजीच्या पाया पडायला म्हणून धम्मशीला आत गेली आणि ओरडतच बाहेर आली.

"पप्पा! आजी बोलूनच नाही राह्यली!"

दवाखान्यात नेलं, पण चौथ्या दिवशी कलाबाई वारल्या. डॉक्टर म्हणाले, "एका दिवसाच्या धुरानं हे झालं, असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षांचं आहे हे. त्या दिवशी फक्त सोसवलं नाही." अविनाशने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि ते घट्ट धरून ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगू लागला.

पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. मंडपवाल्याचा फोन आला. "जेवणाचे पानं मागच्यासारखेच ना भाऊ?"

"हो, तेच," अविनाश म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही! सवयच ती, शोकाच्या दिवशीही ती बिनचूक उठून उभी राहते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात हातगाडी थांबली. स्टेशन रोडला भंगाराचं दुकान असलेले रहेमतुल्ला चाचा. भाऊरावांचे जुने दोस्त. गाडीवर दोन पोती होती. सहदेवच्या मदतीने त्यांनी ती ओट्यावर उतरवली. आतून स्टील वाजलं.

"सत्तेचाळीस हायेत," चाचा कपाळ पुसत म्हणाले. "चार पहिल्याच गाडीत भट्टीवर गेल्या. त्याले मी काही करू शकलो नाही."

अविनाशने एक ताटली काढली, उलटी केली. वडिलांचं नाव.

"चाचा, ह्या तुमच्यापाशी कशा राह्यल्या?"

"भाभी आलती ना. लागोपाठ दोन दिवस. स्टुलावर बसून एकेक ताटली उलटी करे, नाव वाचे, बाजूले ठेवे. दम लागला का थांबे. मी म्हटलं, भाभी, घरी नेऊन देतो. तर म्हणे, घरी नोको. अविनाशले वाईट वाटीन. इथंच ठेवा, माह्या कार्यक्रमाले काढजा."

"कार्यक्रमाले?"

"मीही तसंच विचारलं, कोणत्या कार्यक्रमाले? हासली नुसती. मग म्हणे, भाईजान, माह्या नावानं धूर नोको."

तिला माहीत होतं! आपल्या मागे आपला मुलगा काय करील, हे आईला आधीच माहीत होतं. आणि तरीही, त्याला वाईट वाटू नये म्हणून, ती गप्प राहिली होती.

कोपऱ्यात उभा असलेला सहदेव चाचरत म्हणाला, "पण चाचा, नळ येते आठ दिवसातून एकदा. तीनशे माणसाइच्या ताटल्या धुवाले पाणी आणा कुठून? म्हणून तर पानं सुरू झाले."

चाचा त्याच्याकडे वळले. "साक्षगंधाच्या दिवशी पाण्याचे गिलास तूच उचलले ना बे? रिकामे किती होते?"

चाचांनीच उत्तर दिलं.

"अर्धे भरलेले होते सगळे. ते पाणी नव्हतं का? अरे, ताटली पहिले राखेनं पुसाची. मग एका टबात बुडवाची, मग दुसऱ्यात. धुतलेलं पाणी विहारातल्या लिंबाले. भाऊराव जिवंत होता तवा दुष्काळातही पंगती उठल्याच ना?" त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "मी भंगारवाला माणूस. दुनिया फेकते ते मी घेतो. लोखंड घेतो, रद्दी घेतो, फुटकी बादलीही घेतो. पण तुमचे ते पानं मले कोणी फुकट देले तरी मी घेत नाही. कागद म्हणावं तर प्लास्टिक, प्लास्टिक म्हणावं तर कागद. ज्याले भंगारवालाही हात लावत नाही, ते तुम्ही पाहुण्याच्या समोर मांडता. अन् ज्याच्यावर आपल्या माणसाचं नाव हाय, ते भंगारात घालता!"

"सही माही होती चाचा," अविनाश म्हणाला. "पेटवाले सांगतलं तेही मीच."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने डॉक्टरांचं ते पहिलं वाक्य उच्चारलं नाही. तो ओट्यावर खाली बसला आणि ताटली छातीशी धरून रडला. चाचांनी त्याला थांबवलं नाही.

मग त्याने मंडपवाल्याला फोन लावला. "पानं नोको. एकही नोको."

दुसऱ्या दिवशी त्रिसरण, पंचशील झालं. कलाबाईंच्या फोटोला फुलं वाहिली गेली. माणसं तीनशे आणि ताटल्या सत्तेचाळीस. सात पंगती बसवाव्या लागल्या. उशीर झाला, काही लोक कुरकुरलेही. एक पंगत उठली की विहारातल्या कडुलिंबाखाली मांडलेल्या टबांपाशी ताटल्या यायच्या. तिथे बाह्या वर सारून अविनाश बसला होता, एका बाजूला सहदेव आणि दुसऱ्या बाजूला धम्मशीला.

डोणगावचे व्याही जेवून आले. आपली ताटली स्वतःच धुतली आणि सहज उलटी करून वाचली.

"हे भाऊराव कोण?"

अविनाशने टबातून हात काढले. "माहे बाबा."

"म्हंजे आज आम्ही त्याइच्याच घरी जेवलो म्हणा की," व्याही म्हणाले आणि ताटली दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिली.

कुणी हसलं नाही.

संध्याकाळी विहारामागचा प्लॉट रिकामा होता. उरलेलं अन्न वस्तीतल्या शेळ्यांपुढे गेलं होतं. जाळायला काहीच नव्हतं. अविनाश मागच्या खोलीत गेला. पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला. त्याने खिडकी उघडली. स्वच्छ वारा आत आला. ज्या छातीला तो हवा होता, ती आता नव्हती.

पुढच्या मीटिंगमध्ये त्याने स्वतःच्या हाताने नवा ठराव लिहिला. विहारात एकदा वापरून फेकायची भांडी येणार नाहीत आणि प्लॉटवर काडी पेटणार नाही. त्याच आठवड्यात त्याने विहाराला ताटल्या आणून दिल्या. एकावन्न कलाबाईंच्या नावाच्या, आणि चार वडिलांच्या, भट्टीवर गेलेल्यांच्या जागी.

वाचकहो, शहर स्वच्छ कसं राहील, हे आपण मोठ्या योजनांना विचारतो. पण ते ठरतं आपल्या मांडवात, आपल्या जेवणाच्या यादीत. दाराबाहेर टाकलेला कचरा गेला, असं आपण समजतो. तो कुठेही जात नाही. जाळला तर धूर होऊन कुणाच्या तरी खिडकीशी येतो. ती खिडकी आपल्याच घराची निघाली, तेव्हा अविनाशला ते कळलं. आपल्याला कळायला तेवढा उशीर होऊ नये.